सिस्टरले सांगावं का नाही?

प्रश्न : सिस्टर, आमच्या सासूबाईले ६ वर्षं झाले शुगर आहे, सरकारी गोळ्या सुरू आहेत. आता बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका बाबाकडून औषधाच्या पुड्या आणते अन् रोज सकाळी कारल्याचा रस पण घेते. मी म्हटलं उपकेंद्रातल्या सिस्टरले सांगू, तर मलेच रागावते, म्हणे ते लोक आपल्या झाडपाल्याले नावं ठेवते. खरंच असं असते का?
(एक सून, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती खोटी नाही, आम्हीच तसं वागलोय. नोकरीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका आजीच्या उशाखाली काढ्याची बाटली सापडली, झाकणाच्या जागी चिंधीचा बोळा कोंबलेला. मी ती तिच्यासमोरच बेसिनमध्ये ओतली अन् वरून लेक्चर दिलं. आजी काही बोलली नाही, पण सुट्टी झाल्यावर ड्रेसिंगला परत आलीच नाही.

आता आमचं ऐकाल तर ड्युटीवरच्या सिस्टरच्या पर्समध्ये पण ओव्याची पुरचुंडी असते, बामची डबी असते. पेशंटच्या तळपायाला घरचं कोणी तेल चोळत बसलं तर मला बरंच वाटतं, झोप लागते बिचाऱ्याला (एकच पाय अचानक सुजला असेल तर मात्र चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते). काही सिस्टर चिडतात, नाही कशाला म्हणू, पण बहुतेकींना राग येतो तो लपवल्याचा.

कारण असं, कारल्याने शुगर थोडी खाली येते, ग्लिमेपिराइडसारखी गोळी पण तेच काम करते, दोन्ही एकावर एक पडले अन् वरून एकादशी असली की झालं! एकदा पहाटे ३ वाजता एका काकांना बैलगाडीतून आणलं, घामाने बंडी ओली, बडबड सुरू, घरचे म्हणे बाहेरची बाधा आहे. शुगर निघाली ४२, म्हणजे फारच खाली. सलाईनमधून ग्लुकोज गेल्यावर काकांनी डोळे उघडले अन् पहिलं काय विचारलं तर बैलांना पाणी पाजलं का. रसाचं मग काकूंनी सकाळी सांगितलं, तेही पदर तोंडाला लावून.

म्हणून घाम, थरथर, बडबड दिसली तर माणूस शुद्धीवर असताना ३ चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी शुगर तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना.

मला खरी काळजी पुडीची. कारलं निदान कारलं असतं, कागदातल्या पांढऱ्या पुडीत काय आहे ते बाबाच जाणे. अशा पुड्यांमध्ये शुगरचीच गोळी कुटून घातलेली सापडलीय, गुडघेदुखीच्या पुडीत स्टिरॉइड, काही भस्मांत शिसं. स्टिरॉइडने शुगर उलट चढते अन् महिनोनमहिने घेतलेलं एकदम बंद केलं तरी त्रास होतो, म्हणून मनानेच बंद पण करू नका. पुढच्या वेळी एक पुडी पदराला बांधून न्या, सिस्टरच्या हातात द्या, ती डॉक्टरांच्या कानावर घालेल. सासूबाई ऐकत नसतील तर सांगा, सेवाग्रामला मातीच्या पट्ट्या लावणाऱ्या गांधीजींनी पण १९२४ मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

प्रश्न : भावाले कावीळ झाली, गावात माळ घातली, ती रोज वाढून राह्यली म्हणजे उतरून राह्यली ना?

उत्तर : माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, म्हणून ती लांब होते. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते अन् श्रेय माळेला. माळ असू द्या गळ्यात, सिस्टर काढायला लावणार नाही, पण रक्त तपासा. आपल्या भागात सिकलसेलनेही (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) डोळे पिवळे होतात, त्याची पहिली टेस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. अन् घरात गरोदर बाई पिवळी दिसली तर एक दिवस पण थांबू नका.