प्रतिनायक, खलनायक आणि प्रतिस्पर्धी

वेस्टर्न चित्रपटांत, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागात घडणाऱ्या चित्रपटांत, एकाच स्त्रीवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांपैकी जो अखेरीस मागे राहतो, त्याला मराठीत ‘प्रतिनायक’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात प्रतिनायकाचे लक्षण ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’ असे दिले आहे. म्हणजे तो लोभी, उद्धत, ताठर, पापी, व्यसनी आणि नायकाचा शत्रू असतो. रामाचा प्रतिनायक रावण. आज रूढ असलेला ‘खलनायक’ हा शब्द याच अर्थाच्या जवळचा आहे.

जॉन फोर्डच्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) या चित्रपटात शत्रुत्व आणि प्रेमातली स्पर्धा ही दोन नाती वेगवेगळ्या माणसांकडे आहेत, म्हणून तो येथे फार उपयोगी पडतो. चाबकाने माणसांना फोडून काढणारा दरोडेखोर व्हॅलन्स हा खलनायक, याविषयी वाद नाही. परंतु जॉन वेनने रंगवलेला टॉम डोनिफन कोण? हॅलीशी लग्न करण्याच्या आशेने तो आपल्या घराला एक खोली वाढवत असतो, आणि ती मात्र तिला अक्षरओळख करून देणाऱ्या रॅन्सम स्टॉडर्ड या वकिलाकडे ओढली जाते. हे दिसत असूनही डोनिफन अंधारातून व्हॅलन्सवर गोळी झाडून स्टॉडर्डचे प्राण वाचवतो, त्या पराक्रमाचे श्रेय त्यालाच मिळू देतो आणि दारूच्या नशेत स्वतःचे घर पेटवून देतो. त्याला प्रतिनायक म्हणणे अन्यायाचे होईल. तो प्रेमातला प्रतिस्पर्धी आहे, आणि माझ्या दृष्टीने चित्रपटातले सर्वांत उदात्त पात्रही तोच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मराठीत ‘सवत’ आणि ‘सवतीमत्सर’ हे नेमके शब्द आहेत. ‘सवत’ ज्या ‘सपत्नी’पासून आला, त्यावरूनच संस्कृतात प्रतिस्पर्धी किंवा शत्रू या अर्थाचा ‘सपत्न’ हा पुल्लिंगी शब्द तयार झाला. पण तो आज मराठी वाचकाला समजणार नाही.

‘हाय नून’ (१९५२) या वेस्टर्नमधील हार्वी पेल या मार्शल केनच्या (गावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) मदतनिसालाही ‘प्रतिस्पर्धी’ हाच शब्द लावावा. हेलन रामिरेझ ही पूर्वी केनची प्रेयसी होती, आता ती हार्वीची आहे. शिवाय केनने स्वतःच्या जागी हार्वीची शिफारस केली नाही, हा सलही हार्वीच्या मनात आहे. तो ऐन वेळी साथ सोडतो, तबेल्यात केनशी मारामारीही करतो. तरी केनच्या जिवावर उठलेला खलनायक फ्रँक मिलरच आहे.