चालताना बेंबी आत ओढून ठेवायची का?

जिमच्या ट्रेनरने ‘बेंबी सतत आत ओढून चाला’ असं सांगितलं, पुण्याच्या तळजाई टेकडीवर रोज तसं चालल्यावर कंबर आखडते आणि मान-खांदे भरून येतात, असा तुमचा प्रश्न आहे. प्लँकसारख्या व्यायामात किंवा वजन उचलताना पोट आवळणं बरोबर. सपाटीवर चालताना मात्र नाही.

उजवा पाय पुढे टाकला की कमरेची उजवी बाजू किंचित पुढे वळते, जेमतेम चार-पाच अंश. भरभर चालताना छाती त्याच्या उलट वळते आणि डावा हात आपोआप पुढे येतो. हा पीळ बसतो बरगड्या आणि कमरेच्या हाडाच्या मधल्या भागात. तोच भाग आवळलात की छाती-कंबर एकाच ठोकळ्यासारखी फिरते, हात अंगाला चिकटतात, पाऊल आखूड पडतं. तरी ओढूनताणून लांब पाऊल टाकलं की ताण कमरेच्या तळाशी जातो.

खांद्यांचं कारण श्वासात आहे. श्वास घेताना श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा) खाली उतरतं आणि पोट पुढे व बाजूंना फुगतं. त्याला वाव नसेल तर छाती वर उचलून श्वास घेतला जातो आणि ते काम मानेच्या स्नायूंवर पडतं. (सलवारीची नाडी किंवा पट्टा करकचून बांधला तरी हेच होतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.)

आणि पोटाचा आतला थर हात-पाय हलायच्या आधीच स्वतःहून कामाला लागतो. निरोगी पाठीत त्याला हुकूम द्यावा लागत नाही. चालताना त्याची गरजही पूर्ण ताकदीच्या अगदी थोड्या भागाची असते.

तपासून बघा. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून दोन बोटं आत बोटं टेकवा आणि हलकं खोका: बोटांखाली जो स्नायू ताठरतो, तोच हा आतला थर. आता दहा पावलं पोट पूर्ण आवळून, दहा निम्मं आवळून चाला. मग तोंडाने लांब श्वास सोडा आणि पुढची दहा पावलं पोटाकडे बघूच नका. हात कधी हलायला लागतात ते कळेल. मोबाईल हातात नको, नाहीतर तो हात अडकून राहतो. चालता चालता सलग बोलता आलं, तर आवळणं सुटलंय समजा.

सैल म्हणजे पोट पुढे काढून कमरेत बाक देऊन चालणंही नव्हे. बरगड्या कमरेच्या बरोबर वर असू द्या, बस.

वेताळ टेकडीवरून सुट्या मुरमावर उतरताना किंवा भरलेला सिलिंडर हलवताना पोट जरूर आवळा, पण तेवढ्यापुरतंच. बाळंतपणानंतर शिंकताना लघवीचे थेंब येत असतील, किंवा हर्निया असेल, तर आधी फिजिओला दाखवा. दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी.