सिरियस, क्रिटिकल, अक्यूट की डायर? टंचाईच्या अर्जात कोणता शब्द

सांगोल्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या महिला मंडळाला पाण्याच्या टाकीसाठी एका कंपनीकडं इंग्रजीतून अर्ज करायचा आहे. मसुद्यात त्यांनी ‘द सिच्युएशन इज व्हेरी सिरियस, क्रिटिकल अँड अलार्मिंग’ असं लिहिलंय. शब्दकोशात तिन्ही शब्दांपुढं ‘गंभीर’च दिसतं. मग फरक काय, आणि ‘बिकट’ला नेमकं काय लिहायचं?

ताई, हे शब्द कमी गंभीर, जास्त गंभीर अशा एकाच ओळीत लावून पाठ करू नका. काही शब्दांमागं मोजमाप असतं, काहींमागं बोलणाऱ्याचं मत, आणि एकदोन शब्द फक्त वेळेबद्दल बोलतात. आपल्याकडं ‘अवघड हाय’ म्हटलं की पाऊस, पेशंट, पोराची परीक्षा सगळं त्यात येतं. इंग्रजीत ही वाटणी आधीच झालेली आहे.

मोजमापाचा ठळक शब्द म्हणजे सिव्हिअर. हवामान खात्याच्या भाषेत सपाट प्रदेशात पारा निदान 40 अंशांवर हवा आणि सरासरीपेक्षा 6.4 अंशांहून जास्त चढलेला हवा, तेव्हा ती ‘सिव्हिअर हीट वेव्ह’. दुष्काळाचंही तसंच. 2023 च्या खरिपात राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा 24 तालुके सिव्हिअर म्हणजे गंभीर आणि 16 मध्यम अशी विभागणी होती. तुमचं सांगोलं त्या 40 मध्ये होतं. म्हणून दुष्काळाला सिव्हिअर म्हणायचं तर त्यामागं सरकारी यादी हवी. तुमच्याकडं ती असेल तर खुशाल लिहा आणि वर्षही टाका.

अक्यूटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मराठीत आपण सिव्हिअरलाही ‘तीव्र’ म्हणतो आणि अक्यूटलाही. पण अंगणवाडीतला ‘सॅम’ घ्या. सेविकाताईंच्या तोंडी हा शब्द रोजचा असतो. सिव्हिअर अक्यूट मालन्यूट्रिशन याची ती आद्याक्षरं. 6 महिन्यांपुढच्या आणि 5 वर्षांच्या आतल्या बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पट्टी लाल दिसली, की बाळ सॅममध्ये. 11.5 ते 12.5 च्या दरम्यान, पिवळ्या पट्ट्यात असलं, की मॅममध्ये, म्हणजे मॉडरेट. आता बघा, दोन्हींत अक्यूट आहेच, बदलतं ते पहिलं विशेषण. किती, हे सिव्हिअर सांगतो. अक्यूट सांगतो की हे अलीकडं ओढवलंय, बाळ आता वाळलंय. वर्षानुवर्षांच्या उपासमारीनं उंची खुंटते, त्याला इंग्रजीत क्रॉनिक म्हणतात. अक्यूटचं मूळ लॅटिनमधल्या ‘टोकदार’ या अर्थाच्या शब्दात आहे. टोचतं तसं, अचानक, जोरात. तेव्हा तुमच्या गावात दर उन्हाळ्यात पाणी आटत असेल तर मूळ दुखणं क्रॉनिक, आणि मार्च ते जूनमधली टंचाई अक्यूट. दोन्ही शब्द अर्जात आले तर चांगलंच. टँकर हा तेवढ्यापुरता इलाज आणि टाकी कायमचा, हे त्यातूनच वाचणाऱ्याला उमगेल.

क्रिटिकल हा शब्द ग्रीक वैद्यांकडून आलाय. आजार अशा वळणावर येतो की रोगी एक तर सावरतो, नाही तर जातो, ते वळण म्हणजे क्रायसिस. आपला ‘अत्यवस्थ’ याच्या अगदी जवळचा. इकडं की तिकडं हे ठरायची घडी जवळ आली असेल तेव्हाच तो शोभतो. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याला 2011 पासून ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ म्हणतात, कारण त्यापुढची पायरी रानातून नाहीसं होण्याचीच आहे. गावातली एकमेव चालू बोअर बंद पडायच्या बेतात असेल तर क्रिटिकल लिहा, एरवी राहू द्या.

सिरियस वाईट नाही, पण मोघम आहे. एक खबरदारी मात्र घ्या. आपण ‘वडील सिरियस आहेत’ म्हणतो. रजेच्या अर्जात ‘माय फादर इज सिरियस’ लिहिलं तर इंग्रज वाचक समजेल की वडील थट्टा करत नाहीयेत. तिथं ‘सिरियसली इल’ हवं.

आता मताचे शब्द. अलार्मिंगच्या मुळाशी ‘शस्त्रं उचला’ ही इटालियन हाक आहे. तो शोभतो वाढत्या किंवा घसरत्या गोष्टीला. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण मृतसाठ्यात जाऊन वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. ते ज्या वेगानं उतरत होतं, तो वेग अलार्मिंग. ग्रेव्ह वजनदार आहे. आपल्या ‘गुरु’शी, म्हणजे जड या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी, त्याचं नातं आहे. राज्यघटनेच्या कलम 352 मध्ये आणीबाणीला हेच विशेषण लावलंय. मंडळाच्या अर्जाला ते जड होईल. ग्रिम म्हणजे आपलं ‘विदारक’. बातमीत चालतं, पण मदत मागताना नको, कारण त्यात आशेला जागाच उरत नाही. डायर हा हलाखीचा शब्द. ‘डायर नीड’, ‘डायर स्ट्रेट्स’ अशा ठरलेल्या जोड्यांत तो खुलतो. ‘बिकट’ला माझं उत्तर असं: घरची परिस्थिती बिकट असेल तर डायर, पाण्याची असेल तर अक्यूट शॉर्टेज.

अर्जंटचा गंभीरपणाशी संबंध नाही. तो फक्त ‘कधीपर्यंत’ सांगतो, म्हणून त्याच्याबरोबर तारीख द्या. आणि ‘व्हेरी’ सगळीकडून काढून टाका. तो आला की आकडा नसल्याचं लगेच दिसतं.

तुम्ही कळवलेल्या माहितीवरून वाक्य असं करता येईल: ‘अवर व्हिलेज फेसेस अ‍ॅन अक्यूट शॉर्टेज ऑफ ड्रिंकिंग वॉटर फ्रॉम मार्च टू जून एव्हरी इयर; द टँकर कम्स ओन्ली ऑन ऑल्टरनेट डेज.’ त्याच्याखाली घरांची संख्या लिहा आणि टाकी कोणत्या महिन्याच्या आत हवी ते सांगा.