गोळी आत्ता की दिवस राहिल्यावर?

प्रश्न : डॉक्टर, मी डिचोलीची. गेल्या वर्षी पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये कळलं की बाळाची कवटी आणि मेंदू नीट तयारच झाला नाही, ॲनेनसेफली म्हणाले, प्रेग्नन्सी थांबवावी लागली. सासूबाई म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. आता परत चान्स घ्यायचाय. डॉक्टरांनी आत्तापासूनच फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम घ्यायला सांगितलंय, पण जावेला कमी पॉवरची होती आणि तीपण दिवस राहिल्यावर. एवढी पॉवरची गोळी बाधणार नाही ना? तांबडी भाजी, अळसांदे भरपूर खाल्ले तर नाही का चालणार?

उत्तर : ताई, आधी ते ग्रहणाचं मनातून काढून टाका, सुरीचा आणि बाळाच्या कवटीचा काडीचा संबंध नाही, आणि हे सासूबाईंनाही वाचायला द्या. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींनी तोवर टेस्टपण केलेली नसते. वरचं टोक उघडं राहिलं तर ॲनेनसेफली, खाली पाठीत राहिलं तर स्पायना बिफिडा. म्हणून गोळी आधीच हवी, निदान महिनाभर आधी, आणि पुढे 12 आठवडे होईपर्यंत रोज. आधी असं काही झालेलं नसेल तर साधारणपणे 400 मायक्रोग्रॅम पुरतं, तुमच्या जावेचं तेच असणार, फक्त सुरू उशिरा झालं. तुमचं वेगळं आहे. एकदा असं झालं की परत व्हायची शक्यता शंभरात दोन ते पाच असते, आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशाच बायकांना रोज 4 मिलिग्रॅम दिल्यावर ती जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी झाली. आपल्याकडे 5 ची गोळी सहज मिळते म्हणून डॉक्टर तीच लिहितात. उष्ण वगैरे काही पडत नाही, बिनधास्त घ्या.

तांबडी भाजी, अळसांदे जरूर खा, पण उकळून पाणी टाकलं की त्यातलं बरंचसं फोलेट पाण्याबरोबर जातं, आणि तुम्हाला लागणारा डोस ताटातून मिळणारच नाही.

आणखी एक, फिटची गोळी चालू असेल, खासकरून व्हॅलप्रोएट, तर आधी डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. शुगरही आत्ताच तपासून घ्या. आणि यावेळी पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका, कवटी 11 ते 13 आठवड्यांच्या स्कॅनमध्येच बहुतेक वेळा कळते, पाठीचा कणा 18 ते 20 ला नीट बघतात. दोन्ही वेळी जुनी फाईल बरोबर न्या, सोनोग्राफीला झोपायच्या आधीच सांगा मागे काय झालं होतं ते.