ईएमटीचा कोर्स आणि अग्निशामक भरती, दोन्ही एकदम कसं जमवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे (ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, पेशंटला तातडीचे पहिले उपचार देणारा): "वय 22, परळला राहतो. ईएमटीचा कोर्स अर्ध्यावर आलाय, कॅज्युअल्टीच्या नाईट सुरू आहेत. मुंबई फायर ब्रिगेडच्या भरतीची तयारीही करतोय. अकॅडमीतले सर म्हणतात, कोर्स सोड आणि ग्राऊंडवर लक्ष दे. काय करू?"

वय 22 म्हणतोस, म्हणून अरेतुरे करतो. कोर्स सोडू नकोस.

तुझ्या सरांचं वाक्य मी माझ्या मामाकडून शब्दशः ऐकलंय. मामा फायरमन म्हणून रिटायर झाला. लहानपणी त्याचं हेल्मेट घालूनच मी चाळभर फिरायचो, त्यामुळे त्याचा शब्द घरात शेवटचा. मी कोर्सला नाव घातलं तेव्हा तो म्हणाला, "सुया टोचायला शिकून आग विझते का रे?" पुढे एका महापालिकेच्या भरतीत मी धावण्यात चार सेकंदांनी गेलो. झालं! लग्न असो, बारसं असो, गणपतीची आरती असो, मामा चार बोटं वर करून दाखवायचा.

त्या दिवसाचं खरं सांगतो. आदल्या रात्री माझी कॅज्युअल्टीला नाईट होती. पहाटे तीनच्या सुमाराला एक पेशंट आला, त्याचं हृदय बंद पडलेलं. आम्ही तिघं आळीपाळीने छाती दाबत होतो, मिनिटाला 100 ते 120, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पाऊण तास चाललं, पेशंट गेला. सकाळी सहाला मी ग्राऊंडवर रांगेत उभा होतो. पाय शिशाचे झाले होते. चूक कोर्सची नव्हती, नाईट बदलून न घेण्याची होती. पण हे मामाला पटवायला मला दोन वर्षं लागली, तेही वाद घालून नाही.

2023 च्या जानेवारीत दहिसरला 910 पदांची भरती झाली, त्यात मी लागलो. ट्रेनिंग संपून स्टेशनला आलो. एका रात्री कॉल आला: जुनी चाळ, तळमजल्यावर मीटर बॉक्सला आग. अशा आगी मुंबईत नव्या नाहीत आणि विझायलाही फार वेळ लागत नाही. वीज तोडली, पाच-दहा मिनिटांत आग आटोक्यात आली. पण लाकडी जिना म्हणजे धुराडंच. केबलचं रबर जळालेला तो काळा, चिकट धूर सरळ तिसऱ्या मजल्यावर चढलेला. बीए सेट (पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क) लावून आम्ही दोघं वर गेलो आणि एका आजोबांना खाली आणलं. अंगावर भाजल्याची एकही खूण नाही. ओट्यावर बसवलं, पाणी मागितलं, स्वतःचं नाव नीट सांगितलं.

त्यांच्या मुलाने शेजारच्या घरातून ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला. 98. करोनाने मुंबईतल्या घराघराला 94 चा आकडा पाठ करून दिलाय, त्यामुळे 98 बघून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहेत, बहिणीकडे नेतो." आजोबा मात्र डोकं धरून बसले होते, एकदा ओकले आणि मला तिसऱ्यांदा विचारलं, "माझा चष्मा कुठाय?" चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

इथे मला क्लासमधला एक तास आठवला. बंद जागेतल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून आकडा काढतो, आणि हे विषारी रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. म्हणजे माणूस आतून गुदमरत असतो आणि मशीन 98 दाखवत असतं. मी मुलाला एवढंच म्हणालो, "दादा, आकडा खोटा आहे, वडील खरे आहेत." 108 ची गाडी आली. डॉक्टरांना सांगितलं, बंद जिन्यातला धूर, साधारण वीस मिनिटं आत, उलटी, गोंधळलेत. त्यांनी लगेच पिशवीवाला मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, भरपूर ऑक्सिजनवर तासा-दीड तासात उतरतो. आजोबा दोन दिवस ऑक्सिजनवर होते. बहिणीकडे नेऊन झोपवले असते, तर सकाळी काय झालं असतं, ते मी मामासमोर बोललो नाही. फक्त घडलं ते सांगितलं.

मामा म्हणाला, "उतरवलास ना खाली? मग आपलं काम झालं."

नाही झालं, मामा! 2017 च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेचसे बाथरूममध्ये धुराने गुदमरून. आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेने नाही, धुराने मरतो. आणि आपल्याला येणारे सगळे कॉल आगीचे थोडेच असतात? पावसाळ्यात इमारत पडते, झाड पडतं, कोणी नाल्यात जातं, कोणी लिफ्टमध्ये अडकतं. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेल्या माणसावरचा स्लॅब एकदम उचलला, तर दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येऊन त्याचं हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. आधी डॉक्टर, सलाईन, मग स्लॅब. हे ज्याला माहीत नाही तो मेहनत करून माणूस मारेल. हे मी मामाला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो.

आता तुझं. ईएमटीच्या सर्टिफिकेटने भरतीत नंबर लागेल या भरवशावर राहू नकोस. अमेरिकेत अनेक फायर डिपार्टमेंट ते मागतात, म्हणून यूट्यूबवाले सांगत सुटतात. इथे जाहिरातीत लिहिलंय तेवढंच मोजतात. दहिसरला पुरुषांना उंची 172 सेंटिमीटर, 800 मीटर तीन मिनिटांत, 19 फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी, 50 किलोचा पुतळा खांद्यावर. पुढच्या जाहिरातीत बदल असू शकतो, ती स्वतः वाच, अकॅडमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नकोस. नुसत्या ईएमटीवर नोकरीचा बेत असेल तर तेही लक्षात घे, आपल्या 108 च्या गाडीवर डॉक्टर असतो, त्यामुळे तिथे वाव कमी आहे.

नाईटनंतर धावायचं नाही. झोपायचं. वेगाचं धावणं आठवड्यातून दोनच दिवस, ऑफच्या दिवशी. मी फाइव्ह गार्डन्सला जायचो, तुलाही परळहून जवळ पडेल. खांद्याची ताकद कॅज्युअल्टीतच होते, पेशंट ट्रॉलीवर घेताना मागे राहू नकोस, पुढे हो. भरतीची तारीख आली की त्याच दिवशी ड्युटी लावणाऱ्या सिस्टरकडे जा आणि आधीच्या तीन नाईट बदलून माग. लाजू नकोस. मी लाजलो होतो.

दोन गोष्टी राहिल्या. वयोमर्यादेच्या काठावर असतास तर मीही म्हणालो असतो, कोर्स थांबव, आधी ग्राऊंड. 22 ला ती वेळ नाही. आणि तुझा कोर्स नुसता वर्गातला असता, कॅज्युअल्टी नसती, तरी सोड म्हणालो असतो. तसल्या कोर्ससाठी कर्ज काढलेली पोरं मी पाहिलीत. वर्दीत गेल्यावर इंजेक्शन-औषधाच्या भानगडीत पडायचं नाही, तो आपला अधिकार नाही. ओळखायचं, सांभाळायचं आणि डॉक्टरला नीट सांगायचं.

कोर्सची परीक्षा कधी आहे आणि आत्ता 800 मीटरला किती वेळ लागतो, ते खाली लिही. त्यावरून आठवड्याचा तक्ता करून देतो.