इराक युद्ध निव्वळ तेलासाठी झालं का? काका म्हणतात, हे तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं.

नाही, निव्वळ तेलासाठी नाही. आणि 'तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं' हे तर धादांत खोटं आहे. २००३ साली मी लंडनला ताईकडे राहत होते. कोण काय बोलत होतं, ते मी रोज ऐकलंय.

आमचे भावजी तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे कट्टर समर्थक. त्यांचं एकच पालुपद असायचं, "सरकारकडे आपल्यापेक्षा जास्त माहिती असते." ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत एक छोटी कुपी हातात धरून इराककडे संहारक अस्त्रं असल्याचं सांगत होते, तेव्हा भावजींनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि मला म्हणाले, "घे, आता अजून काय पुरावा हवा तुला?" त्याच भाषणात पॉवेलनी ब्रिटिश सरकारच्या एका ताज्या अहवालाची तारीफ केली होती. लगेचच उघड झालं की त्यातला बराचसा मजकूर कॅलिफोर्नियातल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून उचललेला होता, टायपिंगच्या चुकांसकट! मी दोन्ही मजकूर छापून आणले, सारखी वाक्यं पिवळ्या पेनाने रंगवली आणि जेवायच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी न वाचताच कागद बाजूला सारले. ताईने विषय बदलला. १५ तारखेच्या त्या प्रचंड युद्धविरोधी मोर्चाला घरातून मी एकटी गेले.

नंतर शस्त्रं सापडली नाहीत, तेव्हा भावजींचं सुरू झालं, "पण सद्दाम तर गेला ना?" आणि काही वर्षांनी पाहुण्यांसमोर म्हणाले, "अहो, ते तेलासाठीच होतं, कोणालाही कळत होतं." माझं डोकंच फिरलं. ज्यांनी युद्धाची बाजू घेतली, तेच आता आधीपासून शहाणे! 'तेलासाठी' म्हटलं की कोणी काय वाचलं, काय लपवलं, कोणी हात वर केला, हे विचारायची गरजच उरत नाही. म्हणून मला त्या उत्तराची चीड आहे.

तुम्ही हेतू शोधत बसू नका, तारखा बघा. जुलै २००२ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख वॉशिंग्टनहून परतले. डाउनिंग स्ट्रीटवरच्या, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांकडच्या, बैठकीच्या टिपणात त्यांचं म्हणणं नोंदलंय, की लष्करी कारवाई आता अटळ मानली जातेय आणि माहिती धोरणाला साजेशी बसवली जातेय. त्याच महिन्यात ब्लेअरनी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना लिहिलं की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. 'पंचेचाळीस मिनिटांत अस्त्रं सज्ज' हा दावा जनतेसमोर आला तो त्यानंतर, सप्टेंबरात. म्हणजे आधी ठरलं, मग कारणं जमवली. सद्दामला हटवणं हे तर १९९८ पासून अमेरिकेचं कायद्याने जाहीर केलेलं धोरण होतं. त्यात ११ सप्टेंबरनंतरची भीती, अमेरिकेची जरब बसवायची हौस आणि लोकशाही लादता येते हा आंधळा विश्वास, हे सगळं मिसळलं.

आणि कळायचंच होतं तर कळत होतं. रॉबिन कुक स्वतः ब्लेअरच्या मंत्रिमंडळात होते. १७ मार्चला त्यांनी राजीनामा दिला आणि संसदेत सांगितलं की रूढ अर्थाने ज्याला संहारक अस्त्र म्हणतात तसं इराककडे बहुधा काही नाही. दुसऱ्याच दिवशी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी मिळाली. या युद्धाच्या ब्रिटिश चौकशीच्या, २०१६ च्या चिलकॉट अहवालानेही म्हटलं की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते आणि शस्त्रांबद्दलची खात्री पुराव्याला धरून नव्हती.

तेलाचा काही संबंध नव्हता, असं मात्र मी म्हणत नाही. बगदाद पडल्यावर राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना अमेरिकी सैनिक तेल मंत्रालयावर पहारा देत होते. जमिनीखाली तेल नसतं तर इराककडे इतकं लक्षही गेलं नसतं. पण २००९ च्या लिलावांत इराकमधलं रुमैला तेलक्षेत्र ब्रिटिश आणि चिनी कंपन्यांना मिळून गेलं, वेस्ट कुर्ना-२ हे तेलक्षेत्र रशियन कंपनीच्या गटाला. रशिया आणि चीन दोघेही या युद्धाच्या विरोधात होते. नुसतं तेल लुटायलाच गेले असते, तर हे कसं झालं असतं?

काकांशी तेलावरून वाद घालूच नका. मार्च २००३ मध्ये ते स्वतः काय म्हणत होते, तेवढं विचारा. भावजींनी मला याचं उत्तर आजवर दिलेलं नाही.