चवली, पावली आणि तुझी चार नाणी

रत्नागिरी

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

तुझा चांदीच्या नाण्यांचा आराखडा दोनदा वाचला. चित्रे देखणी आहेत. मी अडखळलो तो वजनांपाशी. दहा, वीस, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नाण्यांना तू ८, १५, २२.५ आणि ३१.१ ग्रॅम वजने दिली आहेस. त्यांचा मूल्यांशी मेळ बसत नाही, आणि शेवटचा आकडा तर परदेशी औंसातून उचललेला दिसतो.

१८३५ चा रुपया घे. तो १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा (सुमारे ११.६६ ग्रॅम) होता. अधेली म्हणजे अर्धा रुपया ९० ची, पावली म्हणजे पाव रुपया ४५ ची आणि चवली म्हणजे रुपयाचा आठवा भाग साडेबावीस ग्रेनची. कसही चौघींचा एकच, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यामुळे थैलीतली मिसळलेली नाणी न मोजता तराजूत ओतली तरी रक्कम कळे, आणि सोनाराच्या ताजव्यात तोळ्याचे वजन म्हणून रुपयाच बसे. आदिलशाहीत दाभोळला पाडलेली लारी तर गोलही नव्हती. चांदीची दुमडलेली तार आणि तिच्यावर ठसा, एवढेच. तरी ती किनाऱ्यावर चालली, कारण व्यापारी तिचे वजन आणि चांदी ओळखून होते.

मात्र एकूण वजन सुटसुटीत झाले म्हणजे भागले, असे समजू नकोस. त्या रुपयात निव्वळ चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम भरते, आणि हा आकडा कुणाच्या तोंडी राहणार नाही. उलट गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. म्हणजे निव्वळ चांदी नेमकी १२ ग्रॅम. तोच कस धरून तू ५, १० आणि २० ग्रॅमची तीनच नाणी ठेवलीस, तर चांदी ४, ८ आणि १६ ग्रॅम होते. चौथे नाणे गाळ.

मूल्येही त्याच पटीत, पण चांदीच्या भावापेक्षा बरीच वर ठेव. दहा रुपयांच्या नाण्यात ८ ग्रॅम चांदी घातलीस तर ते बाजारात फिरणार नाही, कपाटात किंवा मुशीत जाईल. युद्धकाळात लोक रुपये दडवू लागले, तेव्हा १९४० मध्ये सरकारलाही रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणावी लागली.

ठशाचे काम हाती घेण्यापूर्वी या वजनांच्या तीन कोऱ्या चकत्या कापून आण. पाच ग्रॅमची चकती ओल्या हातातून निसटते का, ते मिरकरवाड्यातल्या एखाद्या मासेवालीच्या हाती देऊन पाहू.